शाळकरी मुले आणि फावल्या वेळचे काम : कायद्याची मर्यादा व आपली जबाबदारी

शाळा सुटल्यावर आईवडिलांना हातभार लावणारे मूल हे आपल्या ग्रामीण जीवनातील परिचित दृश्य आहे. कोणी शेळ्यांना चारा घालते, कोणी दुकानात वडिलांजवळ बसते, कोणी अंगणात धान्य वाळत घालण्यास आईला मदत करते. श्रमाची लाज वाटू नये हा संस्कार महाराष्ट्राने जपला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा व शिका’ ही कल्पना रुजविली, तिच्या मुळाशीही श्रमप्रतिष्ठेचाच विचार होता. मात्र त्या योजनेत काम हे शिक्षणासाठी होते. ज्या घरी कामासाठी शिक्षण सुटते, त्या घरी या विचाराचा आधार घेता येत नाही.

हाच भेद कायद्याने केला आहे. परंतु व्यवहारात तो अनेकदा विसरला जातो. “मूल शाळेत जाते आणि उरलेल्या वेळेत काम करते, यात गैर काय?” असा प्रश्न ग्रामसभेत, शिक्षकांच्या बैठकीत आणि कित्येकदा तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्यासमोरही विचारला जातो. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून तर “कुटुंबाच्या धंद्यात मुलांना काम करण्याची आता मोकळीक आहे” असा समज बराच पसरला आहे. हा समज अपुरा आहे, म्हणूनच घातकही आहे. कोणत्या वयाच्या मुलाला कोणते काम, किती वेळ व कोणत्या अटींवर करता येते, याची माहिती शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना असणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका

मुलांच्या श्रमावर मर्यादा घालणारा कायदा आपल्याकडे प्रथम कारखान्यांसाठी आला. १८८१ च्या कारखाना अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. आज ही मर्यादा वाचताना मन अस्वस्थ होते; परंतु त्या काळी तेवढीही मर्यादा नव्हती. १८९१ मध्ये किमान वय नऊ करण्यात आले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले गेले. अर्धा दिवस काम करणाऱ्या अशा मुलांना ‘हाफ टायमर’ म्हणत. म्हणजे ‘अर्धवेळ काम करणारे मूल’ ही कल्पना आपल्या कामगार इतिहासात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. याच काळात नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीची मागणी करीत होते. सुटी आणि विश्रांती हा श्रमिकाचा हक्क आहे, हे तत्त्व पुढे किशोरवयीनांच्या कायद्यातही आले.

शिक्षणाच्या बाजूनेही प्रयत्न चालूच होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद केली. मूल कामावर असेल तर ते शाळेत येणार नाही, हे या दोन्ही राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २४ अन्वये चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांत ठेवण्यास मनाई झाली. १९८६ च्या बालकामगार अधिनियमाने काही व्यवसायांत मुलांना बंदी केली आणि उरलेल्या व्यवसायांतील त्यांच्या कामाचे नियमन केले. १० ऑक्टोबर २००६ पासून घरगुती नोकर म्हणून तसेच ढाबे, उपाहारगृहे व चहाच्या दुकानांत मुलांना कामावर ठेवण्यासही बंदी आली. दरम्यान २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला होता. या हक्कासाठीचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शिक्षण हा हक्क झाला असताना काही व्यवसायांत मुलांना कामाची मुभा राहावी, ही विसंगती होती. ती २०१६ च्या दुरुस्तीने दूर केली. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चौदा वर्षांखालील बालकास कोणत्याही व्यवसायात वा प्रक्रियेत कामावर ठेवण्यास सरसकट मनाई झाली. अधिनियमाचे नावही बदलून ‘बाल व किशोरवयीन कामगार’ असे झाले.

दोन वयोगट, दोन नियम

या कायद्याच्या दृष्टीने वयाचे दोन टप्पे आहेत. चौदा वर्षे पूर्ण न झालेला तो ‘बालक’. चौदा पूर्ण झालेला, परंतु अठरा पूर्ण न झालेला तो ‘किशोरवयीन’.

बालकास कामावर ठेवता येत नाही, हा मूळ नियम आहे. त्याला दोनच अपवाद आहेत. पहिला म्हणजे शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत आपल्या कुटुंबाला अथवा कौटुंबिक उद्योगाला केलेली मदत. दुसरा म्हणजे चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिरात यांसारख्या दृक्‌श्राव्य करमणुकीच्या क्षेत्रातील कलावंत म्हणून किंवा सर्कस वगळता क्रीडाप्रकारांतील सहभाग. या दोन्ही अपवादांना एक समान अट आहे : त्या कामाचा मुलाच्या शालेय शिक्षणावर परिणाम होता कामा नये.

किशोरवयीनास धोक्याच्या कामांखेरीज इतर कामे करता येतात. परंतु तास, विश्रांती, सुटी व नोंदी यांबाबतचे नियम पाळूनच.

‘मदत’ कशास म्हणावे?

कायद्यातील ‘मदत’ हा शब्द जाणीवपूर्वक योजलेला आहे. कौटुंबिक उद्योगात मूल ‘नोकरी’ करीत नाही, ‘मदत’ करते. आणि ही मदत कशी असावी हे केंद्र शासनाच्या जून २०१७ मधील सुधारित नियमांत सविस्तर सांगितले आहे. त्यांतील प्रमुख अटी अशा :

१. मदत धोक्याच्या व्यवसायांच्या अनुसूचीतील कोणत्याही कामात नसावी.

२. ज्या कामातून मुलाला, कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला मोबदला मिळतो असे उत्पादन, पुरवठा वा किरकोळ विक्रीच्या साखळीतील काम मुलाकडून करून घेऊ नये.

३. ज्या उद्योगाचा ताबा मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाकडे आहे, तेथेच मदत करता येते.

४. शाळेच्या वेळेत तसेच सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कोणतेही काम नसावे.

५. शाळेतील उपस्थिती, गृहपाठ आणि शाळेने नेमून दिलेले इतर उपक्रम यांत कामामुळे अडथळा येता कामा नये.

६. विश्रांतीचा वेळ सोडून दिवसात तीन तासांपेक्षा अधिक मदत नसावी. मूल थकेल असे सलग काम देऊ नये.

७. प्रौढ किंवा किशोरवयीन व्यक्तीच्या ऐवजी मुलास राबवू नये.

‘कुटुंब’ या शब्दाची व्याप्तीही कायद्याने ठरविली आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, तसेच आईवडिलांचे भाऊ व बहिणी, म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी, एवढीच नाती त्यात येतात. भावकीतील वा गावातील कोणी ‘घरच्यासारखा’ असला तरी तो कायद्याच्या दृष्टीने कुटुंब नव्हे. चुलतभावाच्या हॉटेलात किंवा वडिलांच्या मित्राच्या दुकानात बसणारे मूल या अपवादाचा लाभ घेऊ शकत नाही. शिक्षणासाठी म्हणून दूरच्या नात्यातील मुलगी घरी आणून तिच्याकडून धुणीभांडी करवून घेणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावे. “आम्ही तिला मुलीसारखे वागवतो, शाळेतही घालतो” हे सांगणे कितीही प्रामाणिक असले तरी कायद्याने दिलेल्या व्याख्येत ते बसत नाही.

घड्याळाचा हिशेब

या अटी एकत्र ठेवून साधा हिशेब केला तर अपवाद किती अरुंद आहे हे दिसते. अनेक गावांत शाळा सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत भरते. ५ वाजता सुटलेले मूल घरी पोचून हातपाय धुऊन काही खाईपर्यंत साडेपाच वाजतात. ७ नंतर काम नाही. म्हणजे मधला वेळ दीड तासाचा. त्यातच खेळ आणि गृहपाठ. सकाळी ८ पूर्वी काम नाही आणि १० च्या सुमारास शाळेची तयारी सुरू होते. तीन तासांची कमाल मर्यादा बहुधा सुटीच्या दिवशीच गाठता येईल. शाळेच्या दिवशी ती गाठायची तर खेळ किंवा अभ्यास यांपैकी एकाचा बळी द्यावा लागेल, आणि अभ्यासाचा बळी देण्यास तर नियमांचीच मनाई आहे.

पहाटे उठून पाणी भरणे, झाडलोट करणे, लहान भावंडांना सांभाळणे ही घरातील कामे व्यवसायाचा भाग नसल्याने त्यांचा विचार वेगळा होतो. परंतु तेथेही मुलाच्या वाढीस, शिक्षणास व सर्वांगीण विकासास बाधा येऊ नये ही अट आहेच. मुलींच्या बाबतीत ही अट विशेष महत्त्वाची ठरते. मुलाच्या श्रमाची गणना ‘काम’ म्हणून होते. मुलीचे तितकेच श्रम ‘घरचे’ म्हणून हिशेबातच धरले जात नाहीत. वर्गात वारंवार उशिरा येणारी, दुपारी डोळे मिटू लागणारी मुलगी शिक्षकास हे मूकपणे सांगत असते.

कुटुंबातही वर्ज्य असलेली कामे

घरचा व्यवसाय असला तरी काही कामांत बालकाने हातही लावू नये असे कायदा सांगतो. अधिनियमाच्या अनुसूचीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातील कामे, उदाहरणार्थ खाणी, दगडखाणी, वीटभट्ट्या, फटाके व इतर स्फोटक वा ज्वालाग्राही पदार्थ, ही बालक आणि किशोरवयीन या दोघांनाही वर्ज्य आहेत. दुसऱ्या भागातील कामे बालकास कौटुंबिक मदत म्हणूनही करता येत नाहीत. त्यांत विड्या वळणे, हातमाग व यंत्रमाग, मोटार दुरुस्तीचे गॅरेज, ढाबे व चहाची दुकाने यांचा समावेश आहे. शेतीमध्येही ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा कापणीयंत्र वापरले जाते अशा प्रक्रिया आणि कडबा कापण्याचे काम मुलांना वर्ज्य आहे. कडबाकुट्टीच्या यंत्रात बोटे गमावलेली माणसे ज्या गावांत आहेत, त्यांना या तरतुदीचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

सोलापूर, सिन्नर यांसारख्या ठिकाणी घरोघरी विड्या वळल्या जातात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे यंत्रमाग घराला लागून असतात. अशा ठिकाणी “काम घरातच आहे” हा बचाव चालत नाही. तंबाखूची धूळ आणि मागाचा गोंगाट घर आणि कारखाना असा भेद करीत नाहीत.

बालकलावंतांसाठीचे नियम

चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांचे मोठे केंद्र महाराष्ट्रात असल्याने दुसरा अपवाद आपल्या राज्यात विशेष महत्त्वाचा आहे. बालकलावंताचे काम दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक नसावे आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नसावे. निर्मात्याने ज्या जिल्ह्यात चित्रीकरण व्हावयाचे, तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावयाची असते. सहभागी मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव त्यासाठी सादर करावे लागते. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. मुलाच्या शिक्षणाची सोय करावी लागते आणि कोणत्याही मुलास सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम देता येत नाही. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत जमा करावी लागते. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला अशा कामात सहभागी करता येत नाही. रस्त्यावर पैशासाठी कसरती वा खेळ करणे या अपवादात मोडत नाही.

चौदा ते अठरा : मुभा आणि मर्यादा

नववी-दहावीतील मुलगा सुटीत किराणा दुकानात काम करू शकतो काय? वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली असतील आणि काम धोक्याचे नसेल, तर करू शकतो. परंतु मालकाने पुढील गोष्टी पाळल्या पाहिजेत :

१. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नसावे. त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती द्यावी.

२. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरून संपूर्ण कालावधी सहा तासांच्या आत असावा.

३. सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देऊ नये.

४. जादा वेळ काम करून घेऊ नये.

५. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम करण्यास लावू नये किंवा परवानगी देऊ नये.

६. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी द्यावी. ठरलेला वार तीन महिन्यांतून एकापेक्षा अधिक वेळा बदलू नये.

७. किशोरवयीनाचे नाव, जन्मतारीख, कामाची वेळ, विश्रांती व कामाचे स्वरूप यांची नोंदवही ठेवावी आणि किशोरवयीनांस कामावर ठेवल्याची माहिती निरीक्षकास विहित मुदतीत कळवावी.

पहाटे वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलांविषयी नेहमी विचारणा होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलास एजन्सीने हे काम देणे सर्वस्वी बेकायदेशीर आहे. पंधरा वर्षांच्या मुलास चौदाव्या वर्षाची अट आड येत नाही. परंतु सकाळी ८ पूर्वीची वेळ आड येते. वृत्तपत्रांचे वाटप तर त्यापूर्वीच संपलेले असते. म्हणजे वर्षानुवर्षे सर्वांच्या नजरेसमोर चालत आलेली ही प्रथा वेळेच्या नियमात बसत नाही. गरिबीतून शिकलेल्या अनेक थोरांनी वृत्तपत्रे टाकली हे खरे. परंतु त्यांचे यश झोप मोडण्यामुळे आले की त्यानंतरही शाळा न सोडल्यामुळे आले, याचा विचार करावा.

याच वयोगटात कायद्याची एक मोठी उणीवही आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. नेमके त्याच वयात कामाचे दार उघडते. सहा तासांची मर्यादा किशोरवयीनास आहे. परंतु ते सहा तास शाळेच्या वेळेबाहेरचेच असावेत असे या मर्यादेत म्हटलेले नाही. परिणामी नववीत नाव असलेला विद्यार्थी दिवसभर दुकानात दिसला, तरी मालकाने वेळ व नोंदी यांचे नियम पाळले असल्यास कायदा तेथे थांबतो. त्यापुढचे काम शिक्षकाचे व गावाचे आहे. आठवीतून नववीत जाताना पटावरून नाव कोणाचे गळले, याची यादी दर जूनमध्ये शाळेने केली आणि ती ग्रामपंचायतीपुढे ठेवली, तर ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघेल.

ऊसतोडीच्या हंगामाचा प्रश्न

दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते. आईवडिलांबरोबर फडात गेलेले दहा-बारा वर्षांचे मूल वाढे गोळा करते, मोळ्या बांधण्यास हात लावते. “ते आमच्याच कामात मदत करते” असे पालक म्हणतात. परंतु येथे फड कुटुंबाच्या ताब्यात नसतो, कामातून मोबदला मिळत असतो आणि मूल शाळेपासून कित्येक महिने दूर असते. म्हणजे कौटुंबिक मदतीच्या एकाहून अधिक अटींचा येथे भंग होतो. खोपीवर राहून तान्ह्या भावंडाला सांभाळणारी मुलगी कामगार म्हणून मोजली जाणार नाही; परंतु तिचा शिक्षणाचा हक्क बुडतोच.

अशा कुटुंबांना केवळ कायदा सांगणे निष्फळ आहे. मूल गावात सुरक्षित राहील याची खात्री असेल तरच आईवडील त्याला मागे ठेवतील. हंगामी वसतिगृहांची योजना याच हेतूने आहे. स्थलांतर टळत नसेल, तेव्हा मुलास शिक्षण हमी कार्ड द्यावे व कारखान्याच्या परिसरातील शाळेत त्याला प्रवेश मिळेल असे पाहावे. शिक्षण हक्क अधिनियमान्वये मुलास दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकाने दाखला विनाविलंब द्यावयाचा आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची दक्षता घेणे आणि आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये त्याच अधिनियमात नमूद आहेत.

वयाचा पुरावा

मालकाकडून सर्वाधिक ऐकू येणारी सबब म्हणजे “मुलगा दिसायला मोठा होता”. वयासाठी आधार कार्ड, शाळेतील जन्मतारखेचा दाखला, ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला हे पुरावे आहेत. यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तरच वैद्यकीय तपासणीने वय ठरविले जाते. म्हणून जन्माची वेळेवर नोंद आणि शाळेच्या दाखल्यातील अचूक तारीख यांना मोठे महत्त्व आहे. प्रवेशाच्या वेळी अंदाजाने टाकलेली तारीख पुढे एखाद्या मुलाच्या संरक्षणाचा आधारच काढून घेऊ शकते.

शिक्षा कोणाला?

बालकास कामावर ठेवणाऱ्या किंवा किशोरवयीनास धोक्याच्या कामावर ठेवणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपराध पुन्हा केल्यास एक ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. हा दखलपात्र अपराध आहे. म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. वेळ, सुटी व नोंदी यांसंबंधीच्या इतर तरतुदींचा भंग केल्यास एक महिन्यापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. किशोरवयीनास वेठीस ठेवणे किंवा त्याची कमाई अडवून ठेवणे हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालीही गंभीर अपराध आहे.

पालकांच्या बाबतीत कायद्याची दृष्टी वेगळी आहे. त्यांच्या पहिल्या अपराधास शिक्षा नाही. पुन्हा अपराध केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. गरिबीमुळे मुलास कामावर पाठविणारी आई आणि त्या गरिबीचा फायदा घेणारा मालक यांना एकाच तराजूत तोलावयाचे नाही, हा त्यामागील विचार आहे. मालकाकडून वसूल झालेला दंड बाल व किशोरवयीन कामगार पुनर्वसन निधीत जमा होतो आणि प्रत्येक मुलामागे शासन त्यात पंधरा हजार रुपयांची भर घालते. ही रक्कम व तिचे व्याज त्या मुलासाठी असते. मूल सोडविले आणि दुसऱ्याच महिन्यात ते अन्य ठिकाणी कामावर गेले, असे होऊ नये म्हणून या निधीचा पाठपुरावा अधिकाऱ्यांनी आवर्जून करावा.

कोणी काय करावे?

२०११ च्या जनगणनेत देशात पाच ते चौदा वर्षे वयाची काम करणारी मुले सुमारे १ कोटी १ लाख आढळली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे ७ लाख २८ हजार होती. एवढ्या मुलांपर्यंत कामगार निरीक्षकांचे हात पोचणे अवघड आहे. मुलापर्यंत रोज पोचणारी शासनाची एकच यंत्रणा आहे, ती म्हणजे शाळा. म्हणूनच नियमांनी मुख्याध्यापकांवर विशेष जबाबदारी टाकली आहे. एखादा विद्यार्थी न कळविता सलग तीस दिवस गैरहजर राहिल्यास मुख्याध्यापकाने ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणा केवळ शालेय नोंदी राहत नाहीत. त्या मुलाचा शोध घेण्याचे साधन बनतात. तीस दिवस ही कळविण्याची मर्यादा आहे, वाट पाहण्याची नव्हे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घरी चौकशी करणारा शिक्षक पुढचा पत्रव्यवहार वाचवितो आणि पुष्कळदा विद्यार्थीही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोणते मूल कोठे काम करते हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा आधी ठाऊक असते. हा विषय समितीच्या बैठकीत दर महिन्यास घ्यावा. सरपंच व सदस्यांनी गावातील बाल संरक्षण समिती कागदावर न ठेवता ऊसतोड, वीटभट्टी आणि कापूस वेचणीच्या हंगामापूर्वी तिची बैठक घ्यावी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कामावर ठेकेदाराने मुले आणलेली नाहीत, याची खात्री तर प्रथम करावी. दुकानदार व व्यावसायिकांना नियम समजावून सांगावेत. नोंदवहीचा नमुना व इतर तपशील कामगार विभागाच्या जिल्हा कार्यालयात मिळू शकतात. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. कोणतीही व्यक्ती या अधिनियमाखाली तक्रार करू शकते. त्यासाठी नातेवाईक असण्याची गरज नाही.

फावल्या वेळचे काम योग्य की अयोग्य, हे ठरविताना अधिकारी, शिक्षक वा सदस्य यांच्या हाती कायद्याचे पुस्तक नेहमीच असणार नाही. अशा वेळी तीन साधे प्रश्न विचारावेत. मूल आज शाळेत होते काय? काम त्याच्या स्वतःच्या घरचे, निर्धोक आणि दिवसाउजेडीचे आहे काय? आणि हे मूल उद्या कामावर आले नाही, तर त्याच्या जागी मजूर लावावा लागेल काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ किंवा तिसऱ्याचे ‘होय’ असेल, तर ती मदत राहिलेली नाही. ती मजुरी आहे. तेथे थांबून चौकशी करणे आपले कर्तव्य आहे. चौकशी वेळेवर झाली, तर जूनमध्ये पटावर असलेले नाव मार्चमध्येही पटावर राहते. या कायद्याचे यश अखेरीस त्यावरूनच मोजावे लागेल.